विजयाचे वऱ्हाडी

ढाणकीसारख्या वैदर्भीय गावात राहून गोव्याच्या फुटबॉलची चिंता कशास वाहता, असे आम्हांस पुसले जाते. निष्ठेला सातबारा लागत नाही! आमचे भांडण दूरस्थांशी नाही. विजयाच्या पंगतीत जेवून, उष्टे न उचलता निघून जाणाऱ्या वऱ्हाड्यांशी आहे. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात देशाचे विजेतेपद पाच वेळा पटकाविले, तेव्हा त्याला आपला म्हणणारे उदंड होते. २०१४ साली इंडियन सुपर लीग अवतरली. झगमगाट तिकडे सरकला आणि मंडळीही. त्याच लीगला अग्रस्थान देण्याच्या योजनेच्या निषेधार्थ २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून माघार घेतली. हे वऱ्हाडी तेव्हा कोठे होते? क्लब धनिकांचे, आम्ही काय करणार, हा बचाव लंगडा आहे. धनिकाला ताळेबंद असतो, चाहत्याला कसला? रूथने सासूची ओंजळ रिकामी पाहूनही तिची साथ सोडली नाही. तिची जाऊ माघारी फिरली, पण निदान रडली तरी. आमच्या वऱ्हाड्यांस तेवढेही कष्ट नकोत. धेंपो २०२४ साली आय-लीगमध्ये परतला. यांच्यापैकी कितीजणांस ते ठाऊक आहे?