मुखवट्याची बदनामी

मराठी समीक्षेत काही शब्द इतके झिजले आहेत की ते वापरताना विचार करावा लागत नाही. 'मुखवटा' हा त्यांपैकीच. कथेचा नायक मुखवटा चढवतो, शेवटी तो गळून पडतो आणि आतला 'खरा चेहरा' दिसतो. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात हेच शिकवले. जव्हारकडच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, 'मुखवटा चढवल्यावर माणसाला खोटे वागता येत नाही.' आम्ही त्याचे गुण कापले. त्याची आज लाज वाटते.

तो मुलगा बोहाड्याच्या गावचा होता. जव्हार-मोखाड्याचा हा मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. तेथील वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या गावांतून उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग निघते. गणपती येतो, तसाच रावण येतो, त्राटिका येते, महिषासुर येतो. जुने मुखवटे लाकूड कोरून केलेले, चांगलेच जड; ते पेलणाऱ्याची चालच बदलते. अनेक गावांत एखादे सोंग एखाद्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असते. मुखवट्याची पूजा होते, आणि ती देवाच्याच मुखवट्याची होते असे नाही.

आमचे विद्वान मित्र येथेच ठेचकाळतात. 'सुष्टदुष्टांचा सनातन संघर्ष' असे एक वाक्य लिहिले की त्यांचा बोहाडा संपला! मग राक्षसाला हळदकुंकू का लागते? दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते दाखवून दिले होते. देवीने मारलेला असुर आपल्या शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसलेला आहे आणि आपण त्याला नारळ देतो. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी राक्षसाच्या मुखवट्याला दुष्टतेचे प्रतीक म्हणू नये.

'सोंगढोंग' हा जोडशब्द आमच्यावर फेकला जाईल. मान्य, सोंगाला फसवणुकीचा अर्थ मराठीत आहेच. पण त्याच मराठीत ज्येष्ठागौरींचे मुखवटे बसतात, खंडोबाचा मुखवटा पालखीतून निघतो. तेथे आतला खरा चेहरा कोणता, असे कोणी विचारीत नाही. मुखवटा आला म्हणजे दैवत आले. या अर्थाला समीक्षेच्या पुस्तकात जागा नाही, कारण तो आम्हा पदवीधरांनी घडवलेला नाही.

दुसरा एक वर्ग आहे, अस्सलतेवर अश्रू ढाळणारा. लाकूड गेले, कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले, परंपरा बुडाली, असा त्याचा विलाप. लगदा हलका असतो, रात्रभर नाचणाऱ्याच्या मानेला तो सोसतो, एवढी साधी गोष्ट या मंडळींना सुचत नाही. लाकडी मुखवटा मात्र त्यांना हवा असतो: दिवाणखान्याच्या भिंतीवर, खालून दिवा सोडून. ज्याच्यापुढे नारळ फुटायचा तो तेथे शोभेची वस्तू होतो. मुखवट्याला खोटे करायचेच असेल तर ते असे करता येते.

यंदा प्रश्नपत्रिका काढताना 'मुखवट्याआडचा माणूस' हा नेहमीचा प्रश्न आम्ही गाळला. छापून आली तेव्हा तो तिसऱ्या क्रमांकावर होता, दहा गुणांना.