हे खरे आहे काय?

सोमवार सकाळ. रिव्ह्यू मीटिंग. बॉस विचारतो, "क्लाएंटला ते प्रेझेंटेशन गेलं का?" ते गेलेलं नाही. गेलेलं नाही हे त्याला माहीत आहे. त्याला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. तरी तुम्ही चेहरा सरळ ठेवून सांगता, "ऑलमोस्ट डन सर, फायनल स्टेजला आहे." बॉस मान हलवतो, विषय पुढे सरकतो आणि तुम्ही गार झालेला चहा पिता.

आता कल्पना करा, की हेच उत्तर तुम्हाला लेखी द्यायचंय. ते छापलं जाणार, २८८ लोकांच्या हातात पडणार, आणि वीस वर्षांनीसुद्धा कुणीही काढून वाचू शकणार. घाम फुटला ना? मंडळी, त्या कामासाठी एक वेगळीच मराठी आहे. मी ती माझ्या आत्याकडून शिकले.

आत्या मंत्रालयात नोकरीला होती, कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झाली. आमच्या लहानपणी घरात दोनच ऋतू होते. अधिवेशन असलेला आणि अधिवेशन नसलेला. अधिवेशन असलं की आत्या रात्री दहाच्या आत दिसायची नाही. हिवाळ्यात तर खातंच्या खातं फायलींच्या पेट्या बांधून नागपूरला निघायचं आणि आम्ही मुलं संत्राबर्फीची वाट बघत बसायचो. एवढं काय काम असतं, असं विचारलं की ती एकच शब्द म्हणायची, "एलएक्यू!" मला बरीच वर्षं तो एखादा आजार वाटायचा. नंतर कळलं, की आमदारांनी सरकारला विचारलेल्या प्रश्नांना ऑफिसात तसं म्हणतात.

विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला. सुरुवातीला आरोप, आणि त्याच्या शेपटाला 'हे खरे आहे काय?' मग 'असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय?' मग 'असल्यास, त्यात काय आढळून आले?' आणि शेवटी हमखास 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही ठरलेली. 'होय, हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' 'बाब तपासण्यात येत आहे.' आणि माझं सर्वांत लाडकं: 'प्रश्न उद्भवत नाही.'

ही भाषा कशी वाचायची, ते आत्याने मला शेंगा सोलता सोलता शिकवलं. "समज, आमदारसाहेबांनी लिहिलं की मार्चमध्ये पूल बंद केला. आणि तो बंद झाला दोन एप्रिलला. मग काय लिहायचं?"

"अंशतः खरे?"

"अगं, इतकं कशाला द्यायचं? 'हे खरे नाही.' पुढचे तीन भाग आपोआप 'प्रश्न उद्भवत नाही'!"

म्हणजे खोटं काहीच नाही. पूल मात्र बंदच. आत्या हसत हसत हे सांगायची, पण एक गोष्ट सांगताना ती कधी हसली नाही. छापील उत्तराची तिला भीती नव्हती. भीती होती ती त्यानंतरच्या पूरक प्रश्नांची. ज्या प्रश्नावर चांदणी असते, म्हणजेच 'तारांकित' असतो, त्याला मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर आमदार जागच्या जागी उलटे प्रश्न विचारतात. ते काय विचारतील याचा नेम नसतो. म्हणून खात्याला चार ओळींच्या उत्तरामागे वीस पानांची टिपणं तयार ठेवावी लागतात. साहेब लोक अधिकाऱ्यांच्या गॅलरीत जीव मुठीत धरून बसतात आणि अडलं की आत चिठ्ठी जाते. "चिठ्ठी मंत्र्यांपर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो," आत्या म्हणायची, "पण त्या अर्ध्या मिनिटात खात्यातली सात वर्षांची घाण बाहेर येऊ शकते." आपल्या क्लाएंट कॉलवर म्यूट दाबून "अरे, नंबर काय होता?" असं कुजबुजतो ना, सेम टू सेम.

दिल्लीतला फंडाही तोच, फक्त नियम जरा जास्त काटेकोर. लोकसभेत किमान १५ दिवस आधी नोटीस द्यायची, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवायचा. कुणाचा प्रश्न आधी, हे चक्क लॉटरी काढून ठरतं. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकितांना फक्त लेखी उत्तर मिळतं. सकाळी ११ ते १२ हा तास लोकसभेचा. राज्यसभेत तो २०१४ पासून दुपारी १२ ला सुरू होतो, कारण सकाळी तिथे गोंधळच इतका व्हायचा, की तास वाहून जायचा. तासाभरात वीसपैकी चार-पाच प्रश्नांचाच नंबर लागतो. २७ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले, तर त्याची बातमी झाली, कारण असं त्याआधी १९७२ मध्ये घडलं होतं! याच्या उलटही घडलंय. ३० नोव्हेंबर २००९ ला ज्यांचे प्रश्न लागले होते, त्यातले बरेच खासदारच गैरहजर निघाले आणि तास वेळेआधी आटोपावा लागला. तुम्ही मीटिंग बोलवायची आणि तुम्हीच यायचं नाही. कमाल आहे की नाही?

आमच्या ऑफिसातल्या काही मुलांना ब्रिटिश पार्लमेंटच्या क्लिप्स बघायचा भारी नाद आहे. दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधान उभे आणि समोरून विरोधी पक्षनेता फायर करतोय. "काय फाडलाय यार!" वगैरे. आपल्याकडे पंतप्रधानांसाठी असा वेगळा साप्ताहिक तास नाही. आपल्याकडे खात्यांचे वार वाटून दिलेले असतात. ते कमी ग्लॅमरस आहे, मान्य. पण खरं सांगू का, त्या बुधवारच्या शोमध्ये टोमणे जास्त आणि माहिती कमी असते. कंटाळवाण्या, आकडे मागणाऱ्या प्रश्नांची ताकद वेगळीच असते.

ती पहिल्यापासून आहे. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क दिला आणि पहिला प्रश्न आला १६ फेब्रुवारी १८९३ ला. विचारला भिंग्याच्या राजांनी. विषय काय असेल? साहेबलोक दौऱ्यावर येतात तेव्हा त्यांच्या सरबराईचा माल पुरवताना गावच्या दुकानदारांचे हाल होतात, हा! एका राजाने वाण्यांसाठी विचारलेला प्रश्न. उलटा पूरक प्रश्न विचारायचा हक्क मात्र १९०९ पर्यंत नव्हता. साहेबाने उत्तर दिलं की गप बसायचं.

स्वातंत्र्यानंतर या कंटाळवाण्या कामाने एका अर्थमंत्र्यांची खुर्ची घालवली. १९५७ मध्ये नव्याकोऱ्या एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. पॉलिसीवाल्यांचा, म्हणजे तुमच्या-माझ्या आजोबांचा पैसा. लोकसभेत प्रश्न आले, उत्तरं गुळमुळीत आली. फिरोज गांधींनी विषय लावून धरला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. शेवटी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी गेली, ती इथे मुंबईत उघडपणे चालली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

पण मला स्वतःला जी उत्तरं विसरता येत नाहीत, ती अलीकडची आहेत. सप्टेंबर २०२०. कोविडचं अधिवेशन. प्रश्नोत्तराचा तासच रद्द केलेला, फक्त लेखी उत्तरं चालू. आपण सगळे घरी पायजम्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि चारच महिन्यांपूर्वी हायवेवरून पायी जाणारी माणसं टीव्हीवर बघितली होती. १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारलं गेलं, की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर गेले? कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं, अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मग नुकसानभरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही.

आत्याला मी हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे टाईप करणाऱ्याचा हात थरथरला असेल गं."

त्याच आठवड्यात राज्यसभेत दुसऱ्या एका खासदारांनी वेगळ्या खात्याला वेगळ्या तऱ्हेने विचारलं. श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये किती जण दगावले? रेल्वेने उत्तर दिलं, ९ सप्टेंबरपर्यंत ९७. रस्त्यावर गेलेले त्यात नाहीत. पण निदान ९७ हा आकडा सरकारी कागदावर आला. तो आला, कारण कुणीतरी नीट शोधलं, की कोणत्या टेबलावर तो लिहिलेला असणार.

अर्थात या दुकानात भेसळही आहे. डिसेंबर २००५ मध्ये एका स्टिंग ऑपरेशनमध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार कॅमेऱ्यात सापडले आणि ११ जणांची हकालपट्टी झाली. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. डिसेंबर २०२३ मध्ये महुआ मोइत्रांना लोकसभेतून काढलं गेलं, ते प्रश्न टाकायच्या पोर्टलचा पासवर्ड एका उद्योगपतीला दिल्यावरून. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी फेटाळला, आणि २०२४ मध्ये त्या पुन्हा निवडूनही आल्या. आयटीवाल्यांनो, पासवर्ड शेअर केल्यावर आपल्याकडे नुसती वॉर्निंगची मेल येते, नाही का?

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या ऑफिसात एक मैत्रीण आहे. तिच्या घराजवळचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, त्याला चौथं वर्ष लागलं. स्टेशनला जायला आधी सात मिनिटं लागायची, आता पंचवीस. तिच्या सासूबाईंचं डायलिसिस पुलाच्या पलीकडे आहे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा रिक्षावाल्यांच्या विनवण्या. तिने सगळं केलं. ट्विट केलं, सगळ्यांना टॅग केलं, ऑनलाइन तक्रार केली. तक्रार 'निकाली काढण्यात आली', असा एसएमएसही आला.

मीच तिला आत्याचा नंबर दिला. आत्या म्हणाली, "पत्र नको देऊस. पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. प्रश्न लिहून आमदारांच्या ऑफिसात दे. आणि आधी बघ, पूल नक्की कुणाचा आहे. भलत्या खात्याला विचारलंस, तर 'ही बाब आमच्याशी संबंधित नाही' एवढंच उत्तर येईल." पत्रांचं ती उगाच म्हणत नव्हती. एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यासाठी मुंबईच्या खासदारांनी रेल्वेला पत्रं लिहिली होती, आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, ऐन ऑफिसच्या गर्दीत, तिथे चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली.

तर मैत्रीण एक पान घेऊन गेली. वर्क ऑर्डरची तारीख, मुदत, दोन मुदतवाढी, सगळं माहिती अधिकारात काढून तपासलेलं. एप्रिलचं मार्च होऊ नये म्हणून आत्याने दोनदा वाचून घेतलं. आमदारांचा पीए खूशच झाला. लोक येतात ते अॅडमिशनसाठी आणि बदलीसाठी, तयार प्रश्न घेऊन कोण येतं?

प्रश्न सभागृहात तोंडी यायचा नंबर काही लागला नाही. अतारांकितात लेखी उत्तर मिळालं. 'हे अंशतः खरे आहे.' खाली चार ओळी तांत्रिक कारणं. आणि शेवटी एक वाक्य, की काम अमुक महिन्याअखेर पूर्ण करण्याचे नियोजन आहे.

मैत्रीण हिरमुसली. आत्या मात्र फोनवर जवळजवळ ओरडलीच, "अगं, तारीख दिलीय! छापून दिलीय!" मग तिने सांगितलं, की सरकारने दिलेली अशी आश्वासनं तपासायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. संसदेतही आहे, लोकसभेत तर १९५३ पासून. 'करू', 'बघतो', 'विचाराधीन आहे' हे शब्दसुद्धा तिथे हिशेबात धरतात आणि साधारण तीन महिन्यांत पूर्तता करायची असते. प्रत्यक्षात वर्षं जातात, हेही आत्यानेच सांगितलं.

तो महिना परवा संपला. पूल अजून बंद आहे, पण गर्डर आलेत, आणि साइटवर पहिल्यांदाच रात्रीचे दिवे दिसतात, असं मैत्रीण म्हणते. तिने पीएला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पुढचं अधिवेशन येतंय, तुम्हीच लिहून आणा ना."

काल लंच अवरमध्ये ती डबा बाजूला सारून लिहीत होती. आत्या स्पीकरवर. पहिल्या भागात उत्तराचा क्रमांक टाकलाय, दुसऱ्यात दिलेली तारीख, तिसऱ्यात सध्याची स्थिती. चौथ्यासाठी तिने पेन उचललं, तर आत्या पलीकडून म्हणाली, "तो तुला पाठ आहे, लिही."

तिने लिहिलं: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?