खिडकीला घाई कशाची?

बटण दाबताच गडद होणारी आणि पुन्हा दाबताच स्वच्छ होणारी काच ही आता कल्पनेतली वस्तू राहिलेली नाही. तिच्याविषयी लिहिणारे मात्र एकच प्रश्न पुढे करतात: काच बदलायला वेळ किती लागतो? हा वेळ कमी व्हावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण तो कशाच्या मोबदल्यात कमी करायचा, हे न विचारता आकड्यांची शर्यत लावणे मला पटत नाही.

अशा काचा अनेक तऱ्हांच्या असतात. मी बोलतो आहे ती इलेक्ट्रोफोरेसिसवर चालणारी. दोन पारदर्शक विद्युत अग्रांमध्ये द्रवाचा पातळ थर आणि त्यात तरंगणारे काळे, विद्युतभारित कण. कण सर्वत्र पसरले की काळोख. कडेला गोळा झाले की उजेड आत. विजेमुळे द्रवातले कण सरकतात, हे रॉइस याने मॉस्कोत 1807 साली चिकणमातीच्या कणांवर पाहिले. 1970 च्या सुमारास जपानमध्ये ईसाओ ओता यांनी त्या तत्त्वावर चित्रफलक केला आणि 2007 साली आलेल्या किंडल या वाचनयंत्राचे पानही त्याच तत्त्वाचे. पण पानाचे काम सोपे. कण वर आले किंवा खाली गेले, एवढ्यावर अक्षर उमटते. खिडकीत वरखाली करून भागत नाही. कणांना उजेडाच्या वाटेतून बाजूलाच व्हावे लागते. ही वाट आडवी आणि लांबची, म्हणून खिडकी पानापेक्षा मंद.

वेग वाढवण्याचे सरळ उपाय बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला कागदावर काढता येतात. कणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि विद्युत दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाब दुप्पट केला तर वेळ निम्मा. तोच दाब ठेवून अंतर निम्मे केले तर वेळ चौथ्या हिश्श्यावर. द्रवाची श्यानता निम्मी केली तरी वेळ निम्मा. पण फुकट यातले काहीच नाही. थर पातळ केला तर तेवढाच काळोख मिळवायला त्यात कणांची दाटी करावी लागते. दाब वाढवला तर वीज अधिक खर्च होते आणि काचेचे आयुष्यही धोक्यात येते.

तिसरा उपाय मला सर्वांत महागाचा वाटतो. द्रवात थोडे पॉलिमर विरघळवले तर वीज बंद केल्यावरही कण बराच काळ जागच्या जागी राहतात. या काचेची ही स्मृती. पॉलिमरने श्यानता वाढते आणि वेग मंदावतो, म्हणून ते कमी करावे असा मोह होतो. मी करणार नाही. वैशाखातल्या दुपारी वीज गेली आणि पश्चिमेची खिडकी त्याच घडीला आपला काळोख सोडू लागली, तर तिच्यापेक्षा जाड पडदा बरा!

मग करावे काय? माझ्या मते उत्तर द्रवात कमी आणि विद्युत लहरीत अधिक आहे. उघडणे आणि मिटणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट वेगाचा एकच आकडा सांगणारे झाकून ठेवतात. उघडताना उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती दाब देऊन कणांना कडेला लोटले जाते. मिटताना कमी वारंवारतेने त्यांना हलवून पुन्हा विखुरले जाते, आणि त्या कामी ब्राऊनने 1827 मध्ये पाहिलेली कणांची अखंड चुळबुळही मदतीला येते. एक काम ओढण्याचे, दुसरे विसकटण्याचे. दोन्हींना एकच लहर कशी चालेल? वारंवारता एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने वर नेण्याची युक्ती पेटंटांत नोंदलेली आहे; तिने काच लुकलुकत नाही. अशा सुधारणेला नवा द्रव लागत नाही, मंडल सुधारावे लागते. वेळ कमी करायचा तो आधी येथे करावा.

आणि हवा तरी किती वेग? सूर्य तासाला 15 अंश सरकतो. वर्गाच्या खिडकीला अर्ध्या मिनिटाने काय बिघडते? उद्यमबागेतल्या वेल्डरचे तसे नाही. ठिणगी पडताच, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत त्याची काच काळी व्हावी लागते, आणि ते काम द्रवस्फटिकाच्या काचा आजच करतात. कणांना त्या शर्यतीत ढकलण्यात अर्थ नाही. मोटारीच्या काचेवर समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रश्न मात्र खरा मधला आहे, आणि तेथे सेकंदाचे अंश कमी करणाऱ्याला मी मनापासून शाबासकी देईन.

हे सारे आपल्या प्रयोगशाळेपासून फार दूर आहे असे कोणी समजू नये. स्टोक्सच्या पद्धतीने श्यानता काढताना आपण एरंडेलात (माझा कन्नड जोडीदार त्याला हरळेण्णे म्हणतो) छर्रे सोडतो, वेळ मोजतो, वही तपासून घेतो आणि विसरून जातो. हेच एरंडेल 20 अंशांवरून 40 अंशांवर नेले तर त्याची श्यानता जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. खिडकीतला द्रव इतका दाट नसतो, पण थंडीत तोही मंदावतो. म्हणजे डिसेंबरातल्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी तीच काच दोन निरनिराळे वेग दाखवणार. तरीही आपल्या वहीत तापमान ही एक ओळ असते, प्रयोग नसतो. पुढच्या वर्षी भौतिकी विभागाने तोच प्रयोग निदान तीन तापमानांना करून घ्यावा. त्याला लागेल ती एक शेगडी, एक तापमापक आणि एक जादा तास.