उताऱ्यात आहे तेवढंच

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मावशी, मला इंग्रजी येतच नाही गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सराव परीक्षेत व्हर्बलला १४६ आले होते.

ज्यांना या आकड्याचा काही बोध होत नाही त्यांच्यासाठी (आत्या, खास तुझ्यासाठी) थोडक्यात सांगते. जीआरई नावाची एक परीक्षा असते. अमेरिकेत एम. एस. किंवा पीएच. डी. करायला जायचं तर पूर्वी बहुतेक विद्यापीठं ती मागायची. २०२० च्या साथीनंतर कितीतरी विभागांनी ती काढून टाकली किंवा ऐच्छिक केली, पण हिला जिथे जायचंय त्यातल्या दोन ठिकाणी ती अजून लागते. गुण १३० पासून १७० पर्यंत असतात. म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी १३० कुठे जात नाहीत. त्यामुळे १४६ म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

मला रडण्यापेक्षा त्या वाक्याचं आश्चर्य वाटलं. ही मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. माझ्याशी निम्मं इंग्रजीतच बोलते, स्वप्नंही बहुधा इंग्रजीतच पडत असतील. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आणि २००५ साली परीक्षा देऊन बाहेर पडल्यावर एसटीत बसून मी स्वतःशी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं. शब्दसुद्धा तेच. दोघींचं माध्यम वेगळं, पिढी वेगळी, मग निदान एकच कसं? वीस वर्षांपूर्वीचं माझं निदान चुकलं होतं असं मला आता वाटायला लागलंय, आणि हिचं तर नक्कीच चुकलंय.

तेव्हाची परीक्षा वेगळी होती. व्हर्बलमध्ये तीस मिनिटांत तीस प्रश्न, संगणकावर, आणि एकदा उत्तर दिलं की मागे जायची सोय नाही. त्यातले जवळजवळ निम्मे प्रश्न निव्वळ शब्दांचे. एक शब्द द्यायचा आणि त्याच्या विरुद्ध अर्थाचा शोधायला सांगायचा, किंवा शब्दांची जोडी द्यायची आणि तसंच नातं असलेली दुसरी जोडी शोधायची. त्यामुळे आम्ही सगळे एका जाडजूड पुस्तकाच्या मागे लागलेलो असायचो, ज्यात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. एबेस, अबॅश, अबेट... 'ए' संपेपर्यंत उत्साह टिकायचा. माझ्या ओळखीत 'एम'च्या पुढे गेलेला एकच मुलगा होता, आणि त्याला सगळे जरा घाबरून असत.

घरात बाबांनी या मोहिमेची सूत्रं हातात घेतली होती. बाबा हायस्कुलात मराठीचे शिक्षक. परीक्षेची फी त्यांनी फंडातून कर्ज काढून भरली होती, त्यामुळे ती फी वाया जाणार नाही याची जबाबदारी आपलीच आहे असं त्यांना वाटत असावं. त्यांनी वर्षभराच्या लग्नपत्रिका गोळा केल्या, कोऱ्या बाजू कात्रीने सरळ कापल्या आणि त्यावर शब्द लिहायला घेतले. मी इंग्रजी शब्द लिहायचा, त्यांनी मागे मराठी अर्थ. डिक्शनरीतला अर्थ त्यांना पसंत नसे. 'ऑब्सीक्वियस'च्या मागे मी 'अतिनम्र' लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी लिहिलं, "लाळघोट्या". 'पार्सिमोनियस' म्हणजे "कवडीचुंबक". 'लुगुब्रियस' म्हणजे "सुतकी चेहऱ्याचा". 'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे "अडेलतट्टू", आणि कंसात आमच्या एका काकांचं नाव. (काका, तुम्ही वाचत असाल तर हस्ताक्षर माझं नाही.)

गंमत म्हणजे ते शब्द मला आजही आठवतात. यादीतून घोकलेले बाकीचे सगळे परीक्षेनंतर आठवड्याभरात वाहून गेले. यादी वर्णानुक्रमाने असते तीच मुळात चूक, असं बाबा तेव्हाही म्हणायचे. एकसारखे दिसणारे शब्द शेजारी शेजारी बसवले की ते एकमेकांच्या पायात पाय घालणारच. अमरकोशात शब्द अर्थाप्रमाणे लावलेत, स्वर्गाचे एका वर्गात, वनस्पतींचे दुसऱ्या, माणसांचे तिसऱ्या, आणि वर ते श्लोकात. पाठ करायचंच असेल तर असं करा, हा त्यांचा मुद्दा. मला तेव्हा ते जुनाट वाटलं होतं. आता पटतं. शिवाय संस्कृतचा आपल्याला आणखी एक फायदा असतो, तो आम्ही वापरलाच नाही. 'सॉम्नोलंट' म्हणजे पेंगुळलेला, त्यातला 'सॉम्नस' आणि आपलं 'स्वप्न' ही एकाच मुळातून आलेली भावंडं. 'क्रेड्युलस' म्हणजे भाबडा, त्यातलं 'क्रेडो' आणि आपली 'श्रद्धा' हीही तशीच. 'जेन्युफ्लेक्ट' म्हणजे गुडघा टेकणे, आणि गुडघ्याला संस्कृतात 'जानु'. रामाला आजानुबाहू म्हणणाऱ्या माणसाला हा शब्द पुन्हा पाठ करायची गरज काय?

पण सावध राहा, चेहऱ्यावरून ओळख पटली असं वाटणारे शब्द दगाही देतात. परीक्षेत मला 'एनर्व्हेट' आला होता. 'एनर्जी'सारखा दिसतोय, 'नर्व्ह' आहे आत, म्हणजे उत्साह आणणे, असं ठरवून मी पुढे गेले. त्याचा अर्थ नेमका उलटा, गळाठून टाकणे. हिंदीतला 'शिक्षा' मराठीत आला की छडी घेऊन येतो ना, तसंच.

तर माझे गुण आले, गणितात ८०० पैकी ७९० आणि व्हर्बलमध्ये ४१०. घरी मी बाबांना गणिताचा आकडा सांगितला. त्यांनी पेढे आणले. दुसरा आकडा मी सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही. आर्थिक मदत मिळाल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं, ती मिळाली नाही, मग पुण्यात नोकरी धरली आणि ते प्रकरण मिटलं. खंत आहे का? आहे थोडी. खोटं कशाला सांगू.

इतकी वर्षं मला वाटायचं की मला शब्दांनी पाडलं. परवाच्या फोननंतर मी भाचीकडून तिची सराव परीक्षा मागवली आणि शनिवारी दुपारी बसून तिची चुकलेली उत्तरं एकेक करून पाहिली. आता परीक्षा बदललीय. विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या २०११ मध्येच गेल्या. सप्टेंबर २०२३ पासून तर सगळी परीक्षाच आटपली, दोन तासांच्या आत संपते, व्हर्बलचे सत्तावीस प्रश्न एक्केचाळीस मिनिटांत. आता वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात आणि उतारे वाचायचे असतात. हिचे शब्द अडलेले प्रश्न होते तीन. बाकी सगळी पडझड उताऱ्यांवर, आणि ज्या रिकाम्या जागा चुकल्या त्यातही पर्यायांचे सगळे अर्थ तिला माहीत होते. वाक्य कुठल्या दिशेला वळतंय तेच पाहिलं नव्हतं.

एक उतारा मधमाश्यांचा होता. कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं की मधमाशी पोळ्यात नाचून दुसऱ्या माश्यांना अन्नाची दिशा आणि अंतर सांगते. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. १९६० च्या दशकात एड्रियन वेनर यांनी शंका काढली की माश्या नाच वाचत नसतील, वासावरूनच जात असतील. लेखकाचं म्हणणं असं होतं की निष्कर्ष टिकला नाही, पण त्या शंकेमुळे प्रयोग अधिक काटेकोर झाले. प्रश्न होता, वेनर यांच्याबद्दल लेखकाची भूमिका काय? हिने उत्तर दिलं, "पूर्ण नकार".

"असं का दिलंस?"

"अगं, नाच खरा आहे ना! आम्हाला शाळेत होतं. म्हणजे तो माणूस चूकच होता."

मी हसले आणि मग एकदम गप्प झाले. कारण २००५ साली मी नेमकं हेच करत होते. उताऱ्याचा विषय ओळखीचा निघाला की मला आनंद व्हायचा आणि मी माझ्या माहितीतून उत्तरं द्यायचे. अनोळखी निघाला की मी घाबरून एखाद्या अवघड शब्दाला लटकायचे. दोन्ही वेळा उतारा वाचायचा राहूनच जायचा.

आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही शिकवलं नाही तो माणूस तेव्हा समोर बसून लग्नपत्रिका कापत होता! आठवी-नववीत मराठीच्या पेपरात 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असायचं ना? बाबांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं, "उताऱ्यात आहे तेवढंच सांग, तुझं मत निबंधात." मुलं कंटाळायची. उभयान्वयी अव्ययं शिकवताना ते 'पण, परंतु, तथापि' या न्यूनत्वबोधकांना लाल गोल करायला लावायचे, म्हणायचे गाडी इथे वळते, झोपू नका. जीआरईची अर्धी व्हर्बल परीक्षा म्हणजे हे लाल गोल आहेत हो. पण मराठीच्या तासाला शिकलेलं इंग्रजीच्या पेपरात चालतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनाही वाटायचं की इंग्रजी म्हणजे काहीतरी वरच्या दर्जाची गोष्ट, तिथे आपलं काय काम. म्हणून ते शब्द लिहीत बसले.

म्हणून रविवारी मी एक उद्योग केला. भाचीला फोनवर घेतलं आणि शेजारी बाबांना बसवलं. वय एक्क्याऐंशी, कानाला यंत्र, इंग्रजी बेताचं. नियम एकच. तिने उतारा मनात वाचायचा, मग पडदा झाकायचा आणि आजोबांना मराठीत तीन वाक्यांत सांगायचं की लेखक काय म्हणतोय आणि कुठे वळतोय. आजोबांना कळलं तरच पर्याय बघायचे.

पहिल्या उताऱ्याला तिला अकरा मिनिटं लागली. "आजोबा, ते असं आहे की बेसिकली..." आणि पुढे काहीच नाही. प्रत्येक शब्द माहीत असून तिला तीन वाक्यं जुळवता येईनात. मराठी कच्चं म्हणून नव्हे, मी म्हटलं इंग्रजीत सांग, तर इंग्रजीतही येईना. चौथ्या उताऱ्याला जमलं. बाबा मधेच "कोण म्हणतंय हे, लेखक की तो दुसरा?" असं विचारत होते, आणि प्रत्येक वेळी तिला पुन्हा पडदा उघडून बघावं लागत होतं.

आता माझी ताई म्हणते की हे सगळं वेळखाऊ आहे, परीक्षेत असं मराठीत सांगत बसायला कोण देणार, त्यापेक्षा मोबाइलवरचं शब्दांचं ॲप बरं, रोजचे पन्नास होतात. ताई, शब्द लागतातच, मी नाही म्हणत नाही. रिकाम्या जागेत तीन गाळे असतील आणि दोन बरोबर भरले तरी गुण शून्य, तेव्हा शब्द हवेतच. पण पन्नास शब्द झाले की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, आणि तेच मला नको आहे. मोजता येतं ते आपण करत बसतो. वाचलेलं कळलं का हे मोजायला समोर एक माणूस लागतो, तोही जरासा खवचट. आणि वेळेचं म्हणशील तर तो पहिले तीन आठवडे घालवायचाच असतो.

या परीक्षेबद्दल मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. ज्या घरात जेवताना कुणी "म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुला?" असं विचारतं, त्या घरातल्या मुलाला ती सोपी जाते, आणि मग त्याला आपण हुशार म्हणतो. विभाग ती सोडून देतायत याचं मला वाईट वाटत नाही. पण वाचायची ही सवय परीक्षेसोबत गेली तर मात्र वाटेल. माझ्याच मागच्या लेखावरच्या प्रतिक्रिया वाचा. निम्म्या लोकांनी मी न लिहिलेल्या गोष्टीवर मला झापलंय. :)

रविवारी फोन ठेवल्यावर मी बाबांना सांगून टाकलं, "बाबा, तेव्हा मला व्हर्बलमध्ये ४१० होते. मी सांगितलं नव्हतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "दोन पेपर होते आणि तू एकच आकडा सांगितलास."

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि मधमाश्यांचा उतारा परत वाचून दाखवायला सांगितला. भाचीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल तिच्या तीन वाक्यांना दोन मिनिटं लागली. बाबांचं मात्र अजून म्हणणं आहे की त्या दुसऱ्या उताऱ्याचं छापलेलं उत्तर चूक आहे, 'ब'च बरोबर, आणि त्यासाठी प्रकाशकाला पत्र लिहायचंय, ते मी इंग्रजीत करून द्यावं.