यंत्र जुने झाले, हे ठरवायचे कोणी?

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या परिचयाच्या एका लहानशा पतसंस्थेत पाच संगणक आहेत. २०१६ साली घेतलेले, सहाव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे. ठेवींच्या नोंदी, पावत्या, व्याजाचा हिशेब, सभासदांना पत्रे. एवढे काम ते मुकाट्याने करीत आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. आठवडाभराने लक्ष्मीपूजनाला चोपडीबरोबर त्यांनाही हळद-कुंकू वाहिले गेले, आणि दिवाळी सरते न सरते तोच दुकानदार पाच नव्या संगणकांचे दरपत्रक घेऊन हजर झाला. संचालकांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, घेऊन टाका, कटकट नको. दुसऱ्याचे म्हणणे, चालते आहे तोवर चालू द्या, काही होत नाही. हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा अधिक चुकीचा आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. कार्यप्रणालीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, नवनवी छिद्रे सापडत राहतात आणि कंपनी दरमहा ती बुजवीत असते. ते बुजविणे थांबले, इतकाच त्याचा अर्थ. मग विंडोज ११ का घेऊ नये? संगणक पात्र असेल तर जरूर घ्यावी. तिला वेगळे मूल्य पडत नाही. अडचण पात्रतेची आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, अशी अट मायक्रोसॉफ्टने २०२१ साली घातली. त्या चिपमुळे सुरक्षा वाढते, हे मान्य. परंतु २०१६-१७ मध्ये घेतलेली लक्षावधी धडधाकट यंत्रे या एका अटीने बाद झाली. जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच वर्तविला होता. आजीच्या लुगड्याची गोधडी करून ती दोन पिढ्या पांघरणाऱ्या आपल्या समाजाला हा हिशेब इतक्या सहज पटावा, याचे आश्चर्य वाटते.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव मुदत देऊ केली. तिची किंमत ३० डॉलर. अन्यथा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायच्या, किंवा कंपनीच्याच योजनेतील गुण खर्च करायचे. संस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना मात्र घरगुती मुदत या अटींवाचून विनामूल्य मिळाली, कारण तेथील ग्राहक संघटनांनी कंपनीला कायद्याची भाषा ऐकविली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या महाराष्ट्रातून असा आवाज का उठू नये? तेल-साखरेच्या मापात मारलेला काटा आपल्याला दिसतो. संगणकाच्या पडद्यावर मारलेला दिसत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका छिद्रावर दुरुस्ती निघाली. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांना दोनच महिन्यांनी ‘वॉनाक्राय’ने गाठले, दीडशेहून अधिक देश पोळले, ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. जूनमध्ये तेच छिद्र वापरणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने मर्स्क समूहाला ग्रासले आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे. पतसंस्थेच्या संगणकात सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक असतात. ती ठेव आहे. तिजोरीचे कुलूप मोडके ठेवणाऱ्या संचालकाला आपण काय म्हणू?

यातही एक दांभिकपणा आपल्यातच आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. ‘परदेशी कंपनीला पैसे कशाला द्यायचे’ असे म्हणत विंडोजची क्रॅक केलेली प्रत वापरायची आणि तिला स्वदेशी बाणा म्हणायचे! स्वदेशीने परदेशी वस्तू टाकायला सांगितले होते, चोरायला नव्हे. शिवाय अशा प्रतीत चोराने आणखी काय भरून ठेवले आहे, हे कोण पाहतो?

खरा पर्याय मुक्त प्रणालींचा आहे. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’, अर्थात भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, डेबियन लिनक्सच्या पायावर उभी आहे. ती पूर्णपणे येथल्याच मातीत उगवलेली नाही, हे सांगितले पाहिजे. पण तिचा आराखडा खुला आहे आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही. केरळच्या शाळा गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर संगणक शिकवीत आहेत. चांगले उदाहरण घेताना तेथील सत्ताधाऱ्यांचा रंग पाहण्याचे कारण नाही.

वाट सोपी आहे, असे मात्र नाही. हिशेबाचे आपले सर्वपरिचित टॅली बंगळूरुच्या कंपनीचे, पण ते चालते विंडोजवर! स्वदेशी गाडी परक्याच्याच रुळांवर. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधील पत्रे आणि अहवाल युनिकोडमध्ये आणल्याशिवाय दुसऱ्या प्रणालीवर धड वाचता येत नाहीत. मराठी संस्थांची वीस वर्षांची दप्तरे अशी अडकून पडली आहेत. हे काम विंडोज ११ घेतली तरी कधीतरी करावेच लागणार. मग आजच का नको?

परावलंबनाची भीती अतिरंजित वाटत असेल, तर गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणारी नायरा एनर्जी आठवावी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसह अनेक सेवा थांबविल्या. भारतातील कायद्याने चालणारी, पैसे भरलेली कंपनी! दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. आपल्या पतसंस्थेसाठी त्या न्यायालयात कोण जाणार?

त्या संचालकांनी अखेर दरपत्रक परत केले. टॅलीसाठी दोन नवे संगणक घेतले, विंडोज ११ च्या अधिकृत परवान्यासह. उरलेल्या तिघांतील कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवल्या आणि त्यांवर लिनक्स बसविले. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ताईंनी पहिले दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले की, इनस्क्रिप्टचा कळफलक इथेही तोच आहे. श्रीलिपीतील जुन्या पत्रांचे काम आता रोज दुपारी तासभर चालते. २००९ पर्यंतची दप्तरे झाली आहेत.