खाकीचे गाऱ्हाणे कोणी ऐकायचे?

हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरचे रस्ते मोर्च्यांनी गजबजून जातात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी, कंत्राटी कामगार असे समाजाचे नाना घटक आपली गाऱ्हाणी घेऊन विधान भवनाकडे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडविले जातात. त्यांना अडविण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणलेले हजारो पोलीस डिसेंबरच्या थंडीत मिळेल त्या सभागृहात वा तंबूत रात्र काढून सकाळी बंदोबस्ताला उभे राहतात. या गर्दीत एक मोर्चा मात्र कधीच दिसत नाही. तो म्हणजे पोलीस शिपायाचा!

यामागे कायद्याचे बंधन आहे. संविधानाच्या ३३व्या अनुच्छेदाने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. त्यानुसार १९६६ साली झालेल्या कायद्याने शासनाच्या परवानगीवाचून पोलिसांना संघटना करण्यास मनाई केली. या मर्यादेमागील विचार रास्तच आहे. ज्यांच्या हाती शस्त्र आहे, तेच रस्त्यावर उतरले तर समाजाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईने हा अनुभव घेतला. शासनाने पोलीस संघटनेवर कारवाई करताच शिपाई रस्त्यावर आले, दंगल उसळली आणि अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. तो प्रकार निंद्यच होता.

परंतु शासनाने त्यातून अर्धाच धडा घेतला. संघटना मोडली, असंतोषाची कारणे मात्र कायम राहिली. बारा-बारा तासांची ड्युटी, हुकलेली साप्ताहिक सुट्टी, गळकी निवासस्थाने, वरिष्ठांच्या घरची कामे ही दुखणी नवी नाहीत. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ सालच्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या स्थितीचा विचार केला होता. त्या अहवालावर धूळ साचली.

येथे एक विसंगती ध्यानी घेतली पाहिजे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांची संघटना आहे. केरळात शिपायांच्या संघटनेलाही शासनमान्यता आहे. त्यामुळे तेथील शिस्त रसातळाला गेलेली नाही. मग महाराष्ट्रातील शिपायालाच मुके का ठेवावे?

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. २०१६ साली मुंबईतील देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. २०२१ साली महिला पोलिसांसाठी तो आरंभिला गेला, तेव्हा नागपूर शहर अग्रभागी होते. मात्र वरिष्ठांच्या सदिच्छेने मिळालेली सवलत त्यांच्या बदलीबरोबर ओसरू शकते. तिला नियमाचा आधार हवा.

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली, तेव्हा तीन उपायुक्तांसह तेहतीस पोलीस जखमी झाले. त्या रात्री कोणी घड्याळ पाहिले नाही. अशा निष्ठेची परतफेड केवळ गौरवपत्रांनी होत नसते.

संपाचा हक्क पोलिसांना देता येणार नाही, देऊही नये. पण ज्याच्याकडून हे शस्त्र काढून घेतले, त्याचे म्हणणे आपण होऊन ऐकण्याचे दायित्व शासनावर येते. जिल्ह्याजिल्ह्यांत शिपायांच्या निवडलेल्या प्रतिनिधींशी ठरलेल्या मुदतीत चर्चा करणारे, शासनमान्य व्यासपीठ उभे करावे. शिस्त शिपायाने पाळायची असते, तशी ती शासनानेही पाळायची असते. १९८२ ची पुनरावृत्ती टाळण्याचा हाच राजमार्ग आहे.