आमची जीप भंगारात जाणार नाही

माझ्या भाच्याचे आणि माझे हल्ली एकाच विषयावर बोलणे होते, आणि तो विषय म्हणजे माझी जीप. भाचा हिंजवडीला नोकरीत आहे. दर दोन वर्षांनी मोबाईल, दर पाच वर्षांनी गाडी आणि दर दिवाळीला माझ्याविषयीचे मत तो बदलतो. पहिल्या दोन गोष्टींत सुधारणा होत असावी, तिसरीत नाही. नारायणगावला आला की चहाचा कप हातात घेण्याआधी तो अंगणात जातो, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा जीपच्या बोनेटवर हात ठेवतो आणि म्हणतो, "मामा, आता हिला जाऊ द्या."

"कुठं?"

"भंगारात. आता सरकारचं धोरणच आहे."

धोरण आहे खरे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते जाहीर झाले. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करायची, त्यासाठी गाडी तपासून घ्यायची आणि नापास झाली तर मोडीत काढायची. ही परीक्षा आमची जीप इमानेइतबारे देते आणि पास होते. ज्या गाडीला ब्रेक लागत नाही आणि जिच्या धुरात मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा होतो, ती रस्त्यावरून जायलाच हवी, याबद्दल माझे दुमत नाही. माझे भांडण धोरणाशी नाही, भाच्याशी आहे. धोरण म्हणते, तपासून बघा. भाचा म्हणतो, जुनी आहे ना, मग तपासायचे काय!

आता या जीपचा स्वभाव सांगतो. तिच्यात इंजिन आहे, चार चाके आहेत आणि बाकी फारसे काही नाही. काच खाली करायला हँडल फिरवावे लागते. पावसात पाणी आत येते, पण ज्या भोकातून येते त्याच भोकातून बाहेरही जाते. डिझेलच्या पाइपात हवा धरली तर एक पाना आणि दहा मिनिटे पुरतात. आळेफाट्याचा आमचा मिस्त्री तिचा आवाज फोनवरून ऐकून सांगतो, "दादा, नोझल बघा. बाकी काय नाय तिला." पुण्यातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना अजून ही विद्या साधलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही भीमाशंकरला निघालो. भाच्याची नवी गाडी पुढे, माझी जीप मागे. डिंभे धरण मागे पडले, पाऊस सुरू झाला, आणि चहासाठी म्हणून थांबलो तर नवी गाडी पुन्हा सुरू होईना. पडद्यावर अक्षरे उमटली: किल्ली गाडीत नाही. भाच्याने किल्ली उजव्या हातात धरली, मग डाव्या हातात धरली, मग देवाला बेल दाखवावा तशी पडद्यापुढे धरली. पडदा आपल्या म्हणण्यावर ठाम. खोटे बोलणाऱ्या साक्षीदारालासुद्धा एवढा आत्मविश्वास नसतो.

कारण साधे होते. किल्लीतला बटणाएवढा सेल संपला होता. अशा वेळी काय करावे याचा उपायही कंपनीने लिहून ठेवलेला होता, हे मला मान्य केलेच पाहिजे. पण तो छापील पुस्तकात नव्हता. पुस्तक मोबाईलवर होते, आणि मोबाईलला त्या खोऱ्यात रेंज नव्हती. शेवटी ती लाखो रुपयांची गाडी चहाच्या टपरीमागे ठेवून आम्ही आठ माणसे जीपमध्ये कोंबली. भाचा मागच्या फळीवर, ज्या भोकातून पाणी येते त्याच्या बरोबर खाली बसला होता. मी काही बोललो नाही. काही प्रसंगी न बोलण्यातच जास्त बोलल्यासारखे होते.

त्या दिवशी माझा एक नियम ठरला, आणि तो मी छातीठोकपणे सांगतो. वस्तू जुनी की नवी हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की बिघडली तर ती तालुक्यात उघडता येते का? जी वस्तू तालुक्यात उघडता येत नाही, ती आपण विकत घेतलेली नसते. तिने आपल्याला विकत घेतलेले असते.

"मामा, असं म्हटलं तर प्रगती कशी होणार?" भाचा विचारतो.

प्रगती कशी होते ते बघायला हिंजवडीला जावे लागत नाही. आमच्या बैलगाड्याच्या घाटात या. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या माणसाला बैलगाडा म्हणजे जीव की प्राण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा गावेच्या गावे सुतकात असल्यासारखी वावरली. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा मान्य केला, तेव्हा भंडारा उधळला गेला. आता बघा, पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत जुने वाहन पळते आहे, आणि त्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते आहे. "बैल जुने झाले, मोटार जुंपा" असे कुणी म्हणत नाही. आणि "आजोबांच्या वेळी घड्याळ नव्हतं, अंदाजानं निकाल द्या" असे कुणी म्हणालाच, तर तो घाटातून धडपणी घरी जाणार नाही. काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हे आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

बैलगाडा अडाणी वाटत असेल, तर नारायणगावहून खोडदला चला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण तीस, चौदा मध्यभागी दाटीवाटीने आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, पार पंचवीस किलोमीटरच्या टापूत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणारी ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारली. गंमत अशी, की एवढ्या थोर शास्त्रज्ञाने तबकडीला पत्रा ठोकला नाही. पोलादी तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली. लांबून बघणाऱ्याला वाटावे, कुणीतरी द्राक्षबागेचा मांडव उलटा करून ठेवला आहे. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी, खर्च कमी.

या दुर्बिणीचे काम १९९० च्या दशकातले. पुढे नवे तंत्र आले. भाचा तिथे असता तर म्हणाला असता, "तबकड्या जाऊ द्या." शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. तबकड्या त्याच ठेवल्या आणि लहरी टिपणारी, त्यांचे गणित मांडणारी यंत्रणा बदलली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ऐकू येत असे, आता ४०० चा येतो. म्हणजे शरीर तेच, कान नवे. शिवाय याच गोविंद स्वरूपांनी १९६५ साली कल्याणला भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण मांडली, ती ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेला नकोशा झालेल्या ३२ छोट्या तबकड्यांवर. परदेशात ज्याला भंगार म्हटले असते, त्यावर आपल्या देशाचे एक शास्त्र उभे राहिले. भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याने मोबाईलवर शोधून खात्री करून घेतली. खरे निघाल्यावर तो मोबाईलवरच चिडला.

अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या ठिकाणी अशीच शंभर मीटरची दुर्बीण आहे. तिच्या जवळ जायचे तर डिझेलचीच गाडी लागते, कारण पेट्रोलच्या इंजिनातल्या प्लगची ठिणगीसुद्धा आकाशातल्या आवाजात लुडबूड करते. म्हणून तिथले शास्त्रज्ञ जुन्या डिझेल गाड्या सांभाळून आहेत. थोडक्यात, ताऱ्यांचे बोलणे ऐकायचे असेल तर आमच्या जीपची भावकीच लागते.

आता आमच्या कट्ट्यावरचे "जुनं ते सोनं"वाले खूष झाले असतील. त्यांना सांगतो, मिशीला पीळ देऊ नका. त्याच श्रावणात परतीच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी, मी भाच्याच्या गाडीत बसलो होतो. उतारावर वळणापलीकडे एकाएकी गाय उभी. भाच्याने ब्रेक दाबला, आणि ओल्या रस्त्यावर गाडी रेषेत जागच्या जागी थांबली. मागून मिस्त्री जीप घेऊन येत होता. त्याने चारदा पायडल हाणले आणि गाईला वळसा घालून कडेच्या दगडावर जीप टेकवली. खाली उतरून तो म्हणाला, "दादा, आज माझी म्हातारी आठवली." मी घरी आलो आणि पहिल्यांदा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले, मग सगळ्या बैठकांना पट्टे. मिस्त्रीनेच बसवले. तालुक्यातच.

कारण सोने गळ्यात घालून घाट उतरता येत नाही. आणि आमच्या घाटांची थट्टा फार वेळ करवत नाही. २०१४ च्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. दीडशेहून जास्त माणसे गेली. ही बातमी बाहेर आणली ती एका एसटी चालकाने. नेहमीच्या वाटेवर आला, तर गाव जागेवर नव्हते. आकाशातल्या लहरी ऐकणाऱ्या तबकड्या शेजारच्या तालुक्यात, आणि डोंगर सरकतो आहे हे सांगणारे यंत्र मात्र डोंगराजवळ नव्हते. पाऊस मोजणारे, माती हलली की रात्री ओरडून गाव उठवणारे यंत्र कुणी आणले, तर पहिला हार मी घालीन. पण हार घालताना प्रश्न तोच विचारीन: भर पावसाळ्यात ते बंद पडले, तर त्या खोऱ्यात ते उघडणारा माणूस कोण? पुण्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत डोंगर थांबत नाही.

म्हणून भाच्याला मी परवा तोड सुचवली. तुझ्या गाडीतले जे जे आळेफाट्याच्या मिस्त्रीला उघडता येईल, ते ते मी जीपला लावून घेईन. भाचा गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बोनेट उघडले, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे बराच वेळ पाहिले, आणि बोनेट अलगद मिटले.

"दादा," तो म्हणाला, "ही गाडी चांगली हाय. पन तिच्यात मला घेतच नाय."

भाचा गप्प झाला. जाताना त्याने जीपच्या बोनेटवर हात ठेवला. पण या वेळी कपाळावर नव्हे, खांद्यावर ठेवतात तसा.